बँकेचा पीई वर्षानुवर्षे कसा वाचायचा

२०१९ च्या मार्चअखेर स्टेट बँक ऑफ इंडियाच्या शेअरचा पीई, म्हणजे भाव भागिले प्रति शेअर नफा, तीनशेच्या वर होता. २०२४ च्या मार्चअखेर तो अकराच्या आसपास आला. एवढे दोनच आकडे हाती असतील तर नवखा माणूस म्हणेल, शेअर चांगलाच आपटलेला दिसतोय. घडलं नेमकं उलटं. त्या पाच वर्षांत भाव दुपटीहून अधिक झाला होता. मधल्या काळात बँकेचा वर्षाचा नफा ८६२ कोटी रुपयांवरून ६१,०७७ कोटींवर गेला, आणि भागाकारातला खालचा आकडा एवढा फुगल्यावर उत्तर लहान येणारच.

म्हणून बँकेच्या पीईचा आलेख समोर आला की आधी नफ्याकडे बघायचं, भावाकडे मागाहून. भावाचं काय झालं ते कोणालाही दिसतं. नफ्याचं काय झालं आणि का झालं, हे मात्र खणून काढावं लागतं. ते कसं खणायचं, ते क्रमाने सांगतो. एक स्प्रेडशीट, बँकेचे आठ-दहा वार्षिक अहवाल आणि एक निवांत दुपार एवढं भांडवल पुरे.

पायरी १ : कोणता पीई, ते आधी ठरवा

पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा, म्हणजे ईपीएस. भाव ३०० आणि ईपीएस २० असेल तर पीई १५. वर्षाला एक रुपया नफा कमावणाऱ्या तुकड्यासाठी बाजार पंधरा रुपये मोजतोय, इतकाच त्याचा अर्थ.

गोंधळ सुरू होतो तो ‘कोणता नफा’ इथे. संपलेल्या आर्थिक वर्षाचा नफा घेता येतो, शेवटच्या चार तिमाहींची बेरीज घेता येते (याला बाजारात टीटीएम म्हणतात), किंवा विश्लेषकांनी पुढच्या वर्षासाठी वर्तवलेला अंदाज घेता येतो. एकाच दिवशी एकाच बँकेचे हे तीन पीई वेगवेगळे निघतात. वेगवेगळ्या संकेतस्थळांवर वेगळे आकडे दिसले की लोक चक्रावतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

दुसरा फाटा एकल (फक्त बँकेचा) आणि एकत्रित (उपकंपन्यांसह) नफ्याचा. मोठ्या बँकेच्या पोटात विमा, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्ड, दलाली अशा उपकंपन्या असतात. शेअरच्या भावात त्यांची किंमत धरलेली असते, एकल नफ्यात मात्र त्यांचा फक्त लाभांश येतो. त्यामुळे एकल ईपीएसवर काढलेला पीई जरा चढा दिसतो. शक्य असेल तिथे एकत्रित नफा घ्या. मी वर स्टेट बँकेचे जे आकडे दिले ते एकल आहेत, हे लक्षात असू द्या.

तिसरी बाब लहान आहे. ‘डायल्युटेड’ ईपीएस घ्या, म्हणजे कर्मचाऱ्यांना देऊ केलेले आणि पुढे जन्माला येऊ शकणारे शेअरही हिशेबात धरलेले असतात.

निवड कोणतीही असो, ती सगळ्या वर्षांना सारखीच लावा. मालिकेच्या मध्येच व्याख्या बदलली की आलेखाला जी वळणं येतात, ती बँकेची नसून तुमची असतात.

पायरी २ : तक्ता मांडा

प्रत्येक वर्षासाठी एक ओळ. तीत भाव, ईपीएस, पीई, प्रति शेअर पुस्तकी मूल्य (ताळेबंदातलं भागधारकांचं भांडवल भागिले शेअरांची संख्या), भाव भागिले पुस्तकी मूल्य (पीबी) आणि भागधारकांच्या भांडवलावरचा परतावा (आरओई). नमुना म्हणून अमेरिकेच्या जेपीमॉर्गन चेस बँकेची सहा वर्षं घेऊ. भाव ३१ डिसेंबरच्या आसपासचा शेवटचा, आकडे डॉलरमध्ये.

| वर्ष | भाव | ईपीएस | पीई | पुस्तकी मूल्य | पीबी | आरओई |
|---|---|---|---|---|---|---|
| २०१९ | १३९.४० | १०.७२ | १३.० | ७५.९८ | १.८ | १५% |
| २०२० | १२७.०७ | ८.८८ | १४.३ | ८१.७५ | १.६ | १२% |
| २०२१ | १५८.३५ | १५.३६ | १०.३ | ८८.०७ | १.८ | १९% |
| २०२२ | १३४.१० | १२.०९ | ११.१ | ९०.२९ | १.५ | १४% |
| २०२३ | १७०.१० | १६.२३ | १०.५ | १०४.४५ | १.६ | १७% |
| २०२४ | २३९.७१ | १९.७५ | १२.१ | ११६.०७ | २.१ | १८% |

२०२० आणि २०२१ या दोन ओळींवर थोडा वेळ थांबा. २०२० मध्ये भाव पडला, तरी पीई वाढला. २०२१ मध्ये भाव चांगला पाव पटीने वर गेला, तरी पीई चार अंकांनी घसरला. पीईच्या चढउताराला महाग-स्वस्त समजणारा माणूस २०२० मध्ये ‘महाग झाला’ म्हणून शेअर सोडेल आणि २०२१ मध्ये ‘स्वस्त झाला’ म्हणून तोच शेअर चढ्या भावाने घेईल.

पायरी ३ : भावातली वाढ दोन भागांत फोडा

भाव म्हणजे ईपीएस गुणिले पीई. म्हणून दोन तारखांमधला भावाचा बदल या दोघांच्या बदलांच्या गुणाकाराएवढा असतो. वरच्या तक्त्यात २०१९ ते २०२४ मध्ये भाव १.७२ पट झाला. ईपीएस १.८४ पट झाला आणि पीई ०.९३ पट. गुणाकार करून बघा, जुळतो. पाच वर्षांची सगळी वाढ नफ्यातून आली. बाजाराचा विश्वास, निदान पीईच्या मापाने, किंचित घटलाच.

इथेच आणखी एक थर सोलता येतो. याच काळात बँकेचा एकूण निव्वळ नफा ३६.४ अब्ज डॉलरवरून ५८.५ अब्जांवर गेला, म्हणजे १.६१ पट. मग ईपीएस १.८४ पट कसा? बँकेने बाजारातून स्वतःचे शेअर परत विकत घेतले, वाटेकरी कमी झाले आणि उरलेल्यांचा वाटा वाढला. फरकाचा बहुतांश भाग त्यातून आला.

उलटंही होतं, आणि अडचणीतल्या बँकांच्या बाबतीत हमखास होतं. भांडवल कमी पडलं की नवे शेअर काढून पैसा उभारावा लागतो. नफा दुप्पट आणि शेअरही दुप्पट झाले, तर ईपीएस जागच्या जागी. बातम्यांत नफ्याची टक्केवारी येते, शेअरांची संख्या येत नाही. तक्त्यात तिच्यासाठी एक रकाना ठेवा.

पायरी ४ : नफा उसवून बघा

सर्वाधिक वेळ इथे द्या. बाकीच्या पायऱ्या यंत्रवत करता येतात, ही नाही.

बँक स्वतःच्या थोड्या भांडवलावर परक्या पैशाचा मोठा डोलारा उभा करते. समजा एकूण मालमत्ता १०० आहे आणि त्यातलं भागधारकांचं भांडवल १०. चांगली चाललेली बँक अशा १०० वर वर्षाला साधारण १ नफा कमावते. आता कर्जांपैकी आणखी १ बुडणार असं दिसलं आणि तेवढी तरतूद करावी लागली, म्हणजे त्या तोट्यासाठी नफ्यातून तेवढी रक्कम बाजूला काढावी लागली, की वर्षाचा नफा साफ. साबण बनवणाऱ्या कंपनीचा नफा शून्यावर यायला मोठा उत्पात व्हावा लागतो. बँकेला मालमत्तेच्या एका टक्क्याने घेतलेलं वळण पुरतं.

आणि ही तरतूद मुळात अंदाज असते. कोणती कर्जं बुडतील, किती वसूल होईल, हे व्यवस्थापन ठरवतं; लेखापरीक्षक आणि नियामक तपासतात. नियमही मध्येच बदलतात. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस ९ या लेखामानकाने, आणि अमेरिकेत मोठ्या बँकांसाठी २०२० पासून आलेल्या नव्या पद्धतीने, कर्ज थकण्याची वाट न बघता अपेक्षित तोट्यासाठी आधीच तरतूद करायला लावली. त्यामुळे मंदीची नुसती चाहूल लागली तरी नफा खाली येतो, आणि चाहूल खोटी ठरली की तीच तरतूद परत नफ्यात येऊन बसते.

जेपीमॉर्गनचं तेच झालं. २०२० मध्ये कोविडच्या साथीच्या धास्तीने तिने १७.५ अब्ज डॉलरची तरतूद केली. भीती होती तेवढं नुकसान झालं नाही. २०२१ मध्ये तरतुदीच्या रकान्यात उलट ९.३ अब्ज डॉलर नफ्याच्या बाजूने आले. म्हणजे ८.८८ हा ईपीएस गरजेपेक्षा दबलेला होता आणि १५.३६ गरजेपेक्षा फुगलेला.

दोन्ही वर्षांची सरासरी काढा : १२.१२. त्यावर पीई पुन्हा मांडा. २०२० च्या अखेरचा १०.५ येतो, २०२१ च्या अखेरचा १३.१. कच्च्या आकड्यांत १४.३ वरून १०.३ अशी घसरण होती, सरासरीवर ती चढण झाली. पीईच्या रेषेची दिशाच फिरली. अर्थात २०२० च्या डिसेंबरात २०२१ चा नफा कोणाच्याच हाती नव्हता, तेव्हा ही पश्चातबुद्धी आहे. पण २०१९ आणि २०२० ची सरासरी तर त्या दिवशी काढता येत होती. ती ९.८० येते आणि पीई १३.०, म्हणजे वर्षभरापूर्वी होता तिथेच. ‘महाग झाला’ हा आरोप तेवढ्यावरच गळून पडतो.

म्हणून नफा-तोटा पत्रक उघडून प्रत्येक वर्षाचे तीन आकडे वेगळे लिहा. पहिला, तरतुदीपूर्वीचा नफा. म्हणजे व्याज, शुल्क वगैरे सगळं उत्पन्न वजा सगळा खर्च. दुसरा, बुडीत आणि संशयित कर्जांसाठीची तरतूद. तिसरा, एकदाच घडणाऱ्या गोष्टी : इमारत विकली, उपकंपनीतला हिस्सा विकला, दंड भरला, कराचा जुना वाद मिटला. मग दहा वर्षांच्या तरतुदी एकूण कर्जांच्या टक्केवारीत मांडून त्यांची सरासरी काढा आणि प्रत्येक वर्षी प्रत्यक्ष तरतुदीऐवजी ही सरासरी वजा करून बघा. कर लावा, शेअरांच्या संख्येने भागा. हा झाला तुमचा सपाट केलेला ईपीएस. तो अचूक नसतो, पण चांगल्या वर्षाला डोक्यावर घेण्यापासून आणि वाईट वर्षी घाबरण्यापासून वाचवतो.

एकदाच घडणाऱ्या गोष्टींचं वजन किती असू शकतं याचाही नमुना याच बँकेत आहे. २०२४ च्या दुसऱ्या तिमाहीत व्हिसा कंपनीतल्या शेअरांच्या अदलाबदलीतून तिला ७.९ अब्ज डॉलरचा लाभ झाला. त्या तिमाहीचा ईपीएस ६.१२ होता, विशेष बाबी वगळल्यावर तो ४.४० उरला. त्या हिशेबाने वर्षाचा ईपीएस १९.७५ ऐवजी अठराच्या आसपास येतो आणि वर्षअखेरचा पीई १२.१ ऐवजी १३.३.

व्याजदराचाही पदर आहे. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने २०२२ च्या मार्चपासून शून्याजवळचे दर उचलले ते २०२३ च्या जुलैपर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेले. कर्जांवरचं व्याज झटकन वाढलं, ठेवींवरचं रेंगाळत. जेपीमॉर्गनचं निव्वळ व्याज उत्पन्न (मिळालेलं व्याज वजा दिलेलं व्याज) २०२१ मध्ये ५२.३ अब्ज डॉलर होतं, ते २०२३ मध्ये ८९.३ अब्ज झालं. अशा वेळी बाजार मनातल्या मनात म्हणतो की हे टिकायचं नाही, आणि पीई कमीच ठेवतो. २०२३ चा १०.५ मला तरी तसाच वाटतो. नफा शिखरावर असताना पीई कमी दिसणं हे बँकांच्या बाबतीत नेहमीचंच, आणि त्या कमी आकड्याला भुलून शेअर घेणं हीसुद्धा नेहमीचीच गफलत.

पायरी ५ : शेजारी पीबी आणि आरओई ठेवा

तक्त्यातले शेवटचे दोन रकाने शोभेचे नाहीत. पीबी म्हणजे पीई गुणिले आरओई, निदान ढोबळ हिशेबाने. नफा उसळ्या मारतो, पुस्तकी मूल्य हळूहळू सरकतं. त्यामुळे पीई वेडावाकडा झालेल्या वर्षांत पीबी आधाराला येतो. वरच्या तक्त्यात २०२० मध्ये पीई वाढला पण पीबी १.८ वरून १.६ झाला. बाजार त्या वर्षी निराश होता, हे पीबी खरं सांगतो.

किती पीई ‘योग्य’ याचा एक कच्चा ठोकताळाही इथे मिळतो. नफ्याच्या वाढीचा दर भागिले आरओई हे एकातून वजा करा. आलेल्या उत्तराला, गुंतवणूकदाराला हवा असलेला परतावा वजा वाढीचा दर, याने भागा. एका बँकेचा आरओई १५ टक्के, वाढ ५ टक्के, हवा असलेला परतावा ११ टक्के धरला तर पीई ११.१ येतो. दुसऱ्या बँकेचा आरओई १० टक्के धरला आणि बाकी तेच ठेवलं तर ८.३.

आता गंमत बघा. दोन्ही बँकांची वाढ ५ ऐवजी ७ टक्के करा. पहिलीचा पीई ११.१ वरून १३.३ होतो. दुसरीचा ८.३ वरून ७.५ वर घसरतो! भांडवलावर १० टक्के कमावणारी बँक ११ टक्के मागणाऱ्या भागधारकाचा पैसा जितका जास्त वापरेल तितकं त्याचं नुकसान. बँकेला कर्जवाटप वाढवायचं तर भांडवल वाढवावंच लागतं. बासेल ३ या बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जोखीमभारित मालमत्तेच्या (कर्जं वगैरे त्यांच्या धोक्याच्या प्रमाणात मोजून येणाऱ्या बेरजेच्या) किमान ४.५ टक्के सर्वोच्च दर्जाचं भांडवल आणि वर २.५ टक्क्यांची राखीव उशी लागते, आणि बहुतेक नियामक याहून जास्तच मागतात. म्हणून ‘कर्जवाटपात २० टक्के वाढ’ या मथळ्याने हुरळून जाण्याआधी आरओई बघा.

पहिल्याच बँकेत हवा असलेला परतावा ११ ऐवजी ९ टक्के धरा. पीई एकदम १६.७. बँकेत काडीचाही बदल नाही, फक्त जगातले व्याजदर उतरले. दहा वर्षांपूर्वीच्या पीईशी आजचा पीई ताडून बघताना हे विसरू नका.

पायरी ६ : तोट्याची आणि नावापुरत्या नफ्याची वर्षं

तोटा झाला की पीई ऋण येतो, आणि ऋण पीईला काही अर्थ नसतो. तो रकाना रिकामा सोडा, पण ओळ पुसू नका. तोट्याचं वर्ष गाळून उरलेल्यांची सरासरी काढणं म्हणजे आजारपणाचे दिवस वगळून प्रकृती उत्तम आहे म्हणण्यासारखं.

स्टेट बँकेचा पीई तीनशेवर गेला त्याच्या आदल्या वर्षी, २०१७-१८ मध्ये, तिला ६,५४७ कोटी रुपयांचा तोटा झाला होता. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये कर्जांच्या दर्जाची झडती सुरू केली, लपलेली थकीत कर्जं उघडी पडली आणि सरकारी बँकांचा नफा तरतुदींत वाहून गेला. २०१८-१९ मध्ये जेमतेम नफा आला, ईपीएस रुपयाच्याही आत होता. एवढ्याशा आकड्याने भागल्यावर काहीही उत्तर येऊ शकतं.

अशी वर्षं असतील तर सरासरीऐवजी मध्यक घ्या, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला. किंवा त्याहून सोपं, गुणोत्तर उलटं करा : ईपीएस भागिले भाव. स्टेट बँकेसाठी हा उताऱ्याचा दर, म्हणजे भावाच्या किती टक्के नफा, २०१९ मध्ये साधारण ०.३ टक्के आणि २०२४ मध्ये ९ टक्के येतो. तोट्याच्या वर्षी तो ऋण होतो आणि तरीही आलेखावर नीट बसतो, सरासरीतही धरता येतो. मला स्वतःला लांब मालिकांसाठी हीच पद्धत बरी वाटते.

मग चढा पीई म्हणजे वाईट काळ संपत आल्याची खूण समजायची का? अमेरिकेच्या सिटीग्रुप बँकेकडे बघा. २००६ अखेर भाव ५५.७० डॉलर, ईपीएस ४.३१, पीई जेमतेम १३. काही वावगं दिसत नाही. वर्षभराने भाव २९.४४, ईपीएस ०.७२, पीई ४१. नफा आपटलाय, आता सुधारेल, असं मानून ज्यांनी घेतला त्यांच्या वाट्याला २००८ चा २७.७ अब्ज डॉलरचा तोटा आला आणि भाव ६.७१ वर गेला.

स्टेट बँकेचा चढा पीई आणि सिटीग्रुपचा चढा पीई यांत फरक कुठे होता? पीईच्या रकान्यात तो दिसत नाही. स्टेट बँकेची ढोबळ (तरतूद वजा न करता मोजलेली) थकीत कर्जं २०१८ च्या मार्चमध्ये एकूण कर्जांच्या १०.९१ टक्के होती, २०१९ च्या मार्चमध्ये ७.५३ टक्के. जखम दिसत होती आणि भरत होती. सिटीग्रुपचं नुकसान २००७ अखेर नुकतं कुठे वर यायला लागलं होतं. म्हणून चढ्या पीईच्या वर्षी नव्याने थकलेली कर्जं वाढताहेत की घटताहेत, केलेली तरतूद थकीत कर्जांच्या किती टक्के आहे आणि भांडवल पुरेसं आहे का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कमी पीईलाही हेच लागू. अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेच्या मालक कंपनीचा पीई २०२२ च्या अखेरीस नऊच्या आसपास होता. मुदतीपर्यंत ठेवायचे म्हणून नोंदवलेल्या रोख्यांवर सुमारे १५ अब्ज डॉलरचा न दाखवलेला तोटा होता, आणि भागभांडवल साधारण १६ अब्ज. हा तोटा ईपीएसमध्ये येत नव्हता, ताळेबंदाच्या टिपांमध्ये छापलेला होता. १० मार्च २०२३ रोजी नियामकांनी बँक बंद केली. टिपा वाचायला कंटाळा येतो हे खरं, पण बँकेच्या अहवालात मला तरी त्याच सगळ्यात कामाच्या वाटतात.

पायरी ७ : मालिकेतले सांधे तपासा

शेअरचं विभाजन झालं असेल तर जुने भाव आणि जुने ईपीएस दोन्ही त्याच प्रमाणात बदलून घ्या. स्टेट बँकेने २०१४ मध्ये दहा रुपये दर्शनी मूल्याचा शेअर एक रुपयाचा केला. संकेतस्थळावरचे भाव बहुधा दुरुस्त केलेले मिळतात, जुन्या अहवालातला ईपीएस मात्र छापलेला तसाच असतो. दुरुस्त भावाला जुन्या ईपीएसने भागलं की पीई दहापट लहान येतो, आणि बँक कधीकाळी दीड-दोनच्या पीईला मिळत होती असा भलताच शोध लागतो. सिटीग्रुपने २०११ मध्ये दहा शेअरांचा एक केला; तिथे चूक उलट्या दिशेने होते.

विलीनीकरण हा दुसरा सांधा. १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत आल्या. त्याआधीचा आणि नंतरचा एकल नफा ही दोन वेगळ्या आकारांच्या संस्थांची गोष्ट आहे. तक्त्यात अशा वर्षाखाली जाड रेघ मारा.

पायरी ८ : तुलना कोणाशी

बँकेची तुलना बँकेशीच, आणि शक्यतो त्याच देशातल्या, तशाच धंद्याच्या बँकेशी. घरकर्जं देणारी, उद्योगांना कर्ज देणारी आणि गुंतवणूक बँकिंगवर जगणारी यांच्या नफ्याची जात वेगळी असते. सॉफ्टवेअर कंपनीचा पीई ३० आणि बँकेचा १२ म्हणून बँक स्वस्त, हे बोलणं सोडून द्या.

स्वतःच्या इतिहासाशी तुलना करतानाही सगळा इतिहास एका मापाने मोजू नका. २००८ च्या संकटाआधी बँका कमी भांडवलावर जास्त कर्ज उचलून आरओई फुगवत असत. नंतर नियम आवळले, आरओई उतरला, पण धोकाही उतरला. २००५ चा पीई १३ आणि २०२४ चा पीई १३ यांच्यामागे वेगळ्या प्रकृतीच्या बँका आहेत.

पायरी ९ : पुढच्या नफ्यावरचा पीई

अंदाजावरचा पीई मोहक असतो, कारण तो जवळपास नेहमीच कमी दिसतो. विश्लेषक शांत काळात बरे अंदाज बांधतात. वळणावर ते उशिरा बदलतात : भाव आधी पडतो, अंदाज महिना-दोन महिन्यांनी खाली येतात, आणि मधल्या काळात पीई फसवा स्वस्त दिसतो. तक्त्यात हा रकाना ठेवायचाच असेल तर त्या दिवशीचा अंदाज तारखेसह लिहून ठेवा आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष ईपीएस शेजारी मांडा. तीन-चार वर्षांत त्या बँकेबद्दलचे अंदाज किती आणि कोणत्या बाजूला चुकतात ते कळतं.

तक्ता तिमाही निकालांनंतर अद्ययावत करा. टीटीएम वापरत असाल तर निकालाच्या दिवशी भाव हललाही नसताना पीई उडी मारेल, कारण एक जुनी तिमाही गळते आणि नवी येते. त्या दिवशी नवी तिमाही कशी गेली एवढंच न बघता कोणती तिमाही गळली तेही बघा. आणि नव्या अहवालात मागच्या वर्षाचा ईपीएस बदलून छापलेला असेल तर जुना आकडा खोडू नका. शेजारी नवा लिहा आणि बदलाचं कारण टिपेत शोधून नोंदवा.